ताराबाई मोडक : मुलांच्या अंगणात गेलेली शाळा

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेत दरवर्षी एका थोर व्यक्तीचे चरित्र असावे असा प्रघात आहे. यंदा ते मी लिहावे असे कार्यकारिणीने ठरविले. माझे सारे आयुष्य प्राथमिक शाळेत शिकविण्यात गेले आणि निवृत्तीनंतर मंडळाच्या बालवर्गाची देखरेख माझ्याकडे आली. त्यामुळे कोणाविषयी लिहावे याचा फारसा विचार करावा लागला नाही. महाराष्ट्रात बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या आणि अंगणवाडी हा शब्द रुजविणाऱ्या ताराबाई मोडक यांचे नाव सहज समोर आले. त्यांना जाऊन आता पन्नासांहून अधिक वर्षे झाली. नाव पुष्कळजणींनी ऐकलेले असते. पण त्यांनी नेमके काय केले आणि आपल्या घरातल्या लहानग्यांशी त्याचा काय संबंध, हे फारसे कोणी सांगत नाही.

हे नाव निवडण्याला आणखीही एक कारण आहे. बालवर्गाच्या पालकसभेत यंदा दोन मागण्या पुढे आल्या. साडेतीन वर्षांच्या मुलांकडून रोज पाटीवर नाहीतर वहीत अक्षरे गिरवून घ्यावीत, ही एक. आणि जे मूल पुढे असेल त्याला दर महिन्याला बक्षीस द्यावे, ही दुसरी. जवळच दुसरीकडे असे सारे मिळते म्हणून काही पालकांनी आपली मुले आपल्याकडून काढूनही नेली. मंडळाला या मागण्यांचे उत्तर द्यावे लागणार आहे. ताराबाईंचे चरित्र वाचताना ते उत्तर शोधायला मदत होईल, असा माझा विश्वास आहे.

ताराबाईंचा जन्म १९ एप्रिल १८९२ रोजी मुंबईत झाला. माहेरचे आडनाव केळकर. वडील सदाशिवराव आणि आई उमाबाई दोघेही सुधारक विचारांचे, प्रार्थना समाजाशी निगडित. ज्या काळी मुलीला चार इयत्ता शिकविल्या की पुष्कळ झाले असे बहुतेक घरांत मानीत, त्या काळी या घरातली मुलगी कॉलेजात गेली आणि १९१४ साली मुंबई विद्यापीठाची पदवीधर झाली. त्या वर्षी साऱ्या महाराष्ट्रात पदवीधर स्त्रिया अगदी मोजक्या होत्या, हे ध्यानात घेतले म्हणजे या गोष्टीचे मोल कळते. घरात मुलीच्या बुद्धीला मान होता. मुलांना मान द्यावा ही शिकवण पुढे ताराबाईंनी जन्मभर दिली. ती त्यांना पुस्तकातून मिळण्याआधी आईबापांच्या वागण्यातून मिळाली असावी, असे मला वाटते.

त्यांचा विवाह कृष्णराव मोडक यांच्याशी झाला. ते अमरावतीस वकिली करीत. पुढे उभयतांचे पटले नाही आणि लहान मुलीला घेऊन ताराबाई वेगळ्या झाल्या. शंभर वर्षांपूर्वी पतीपासून वेगळे होणे म्हणजे काय, हे आपल्या आज्या-पणज्यांच्या आठवणींवरून आपण जाणतो. या प्रसंगाविषयी मी अधिक लिहीत नाही. एवढेच सांगते की, पदरी मूल आणि हाती पदवी एवढ्या बळावर त्या उभ्या राहिल्या. राजकोट येथील बार्टन ट्रेनिंग कॉलेज या शिक्षिका तयार करणाऱ्या संस्थेत त्या प्राचार्य झाल्या. पद मोठे होते, पगार चांगला होता आणि मानही होता.

त्याच सुमारास भावनगरात एक वेगळेच काम चालले होते. तेथील दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका यांनी १ ऑगस्ट १९२० रोजी बालमंदिर काढले होते. गिजुभाई मूळचे वकील. स्वतःला मुलगा झाला, त्याला कसे वाढवावे याचा विचार करू लागले, आणि त्यातून इटलीच्या डॉ. मारिया मॉन्टेसरींचे लिखाण त्यांच्या हाती पडले. ते वाचल्यावर वकिली सुटली आणि जन्मभराचा ध्यास लागला. अंगाने धिप्पाड, भरघोस मिशांचा हा गृहस्थ मुलांत बसून गोष्टी सांगे, नाटके करी, गाणी म्हणे. गुजरातेत लोकांनी त्यांना मिशाळ आई असे नावच दिले होते. ताराबाईंनी त्यांच्या कामाविषयी ऐकले, राजकोटची नोकरी सोडली आणि १९२३ साली त्या भावनगरास गेल्या.

मॉन्टेसरींची पद्धत काय होती, हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १९०७ साली रोममधल्या एका गरीब वस्तीत त्यांनी आपले पहिले बालगृह काढले. त्यांनी मुलांकडे डॉक्टरच्या बारकाईने पाहिले आणि त्यांना दिसून आले की, लहान मूल मुळात आळशीही नसते आणि उनाडही नसते. त्याच्या हाताला त्याच्या वयाचे काम मिळाले की ते तासन्‌तास त्यात रमते. म्हणून त्यांनी साधने तयार केली. उदाहरणार्थ, एका लाकडी ठोकळ्याला दहा खळगे असतात आणि प्रत्येक खळग्यात बरोबर बसेल असा एकेक दट्टा असतो. मूल दट्टे काढते आणि पुन्हा बसवते. एक जरी चुकीच्या जागी गेला तरी शेवटी कोणतातरी दट्टा बसत नाही. चूक झाली हे मुलाला बाईंनी सांगावे लागत नाही. ते त्याला त्याचेच कळते, आणि ते पुन्हा मांडून पाहू लागते. रागावणे नाही, शाबासकीची लालूच नाही. काम पुरे झाल्याचा आनंद हेच बक्षीस.

गिजुभाई आणि ताराबाई यांनी हे तत्त्व उचलले, पण परदेशी पद्धत जशीच्या तशी आणली नाही. तिच्यात आपली गाणी, आपल्या गोष्टी, आपले सण, आपले खेळ घातले. मुलांना मारायचे नाही, भीती दाखवायची नाही आणि आमिषही दाखवायचे नाही, या तीन गोष्टींवर त्यांचा कटाक्ष होता. पहिली गोष्ट आज आपल्याला पटते. दुसरीही बहुतेकींना पटते, जरी जेवताना पोलिसाचे आणि बागुलबुवाचे नाव अजून पुष्कळ घरांत निघते. तिसरी मात्र चटकन पटत नाही. बक्षिसात वाईट ते काय, असे वाटते. त्यांचा विचार असा की, बक्षिसासाठी काम करणारे मूल बक्षीस थांबले की काम थांबविते. शिवाय एकाला बक्षीस मिळते तेव्हा एकोणतीस मुले आपण कमी आहोत हे शिकून घरी जातात. माझ्या नोकरीच्या काळात वार्षिक समारंभाच्या दिवशी मागच्या रांगेत बसलेले चेहरे मी पाहिलेले आहेत, आणि हा विचार खरा आहे याची मला खात्री आहे.

१९२६ साली या मंडळींनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. शिक्षकांना शिकविल्याविना आणि आईबापांना समजाविल्याविना शाळा एकटी काही करू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. म्हणून अध्यापन मंदिर निघाले आणि शिक्षण पत्रिका निघाली. १९३३ साली शिक्षण पत्रिका मराठीतही येऊ लागली आणि तिचे संपादन ताराबाईंनी केले. पालकांसाठी त्यांनी सोप्या मराठीत पुष्कळ लिहिले. बालकांचा हट्ट, बालविकास व शिस्त, बिचारी बालके ही त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहा. मुलांचा हट्ट आणि मुलांची शिस्त हे विषय त्या काळी आजीच्या अनुभवावर आणि वडिलांच्या छडीवर सोपविलेले असत. त्यांवर विचार करता येतो, ते शिकावे लागतात, हे मराठी आयांना सांगण्यात त्यांचा वाटा मोठा आहे.

मुंबईस परतल्यावर १९३६ साली त्यांनी दादरला शिशुविहार सुरू केला. तेथे मुलांचा वर्ग होता आणि बालशिक्षिका तयार करण्याचे कामही होते. पुष्कळ स्त्रियांना त्यातून मानाचा व्यवसाय मिळाला. गिजुभाई १९३९ च्या जूनमध्ये निवर्तले. त्यानंतर संघाचा भार ताराबाईंवरच आला. शिशुविहाराचे नाव झाले होते, शिकलेल्या घरांतली मुले येत होती, पालक ऐकत होते. एवढ्यावर समाधान मानून त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. परंतु त्यांच्या चरित्राचा सर्वांत मोठा भाग येथून पुढे सुरू होतो.

शहरातल्या, बऱ्या स्थितीतल्या घरांतल्या मुलांना ही पद्धत उपयोगी पडली. मग ज्या देशातली बहुतेक मुले खेड्यात राहतात, त्या देशात तिचा उपयोग किती? मॉन्टेसरींची साधने घोटीव लाकडाची, मापात बसविलेली, महागडी. खेड्यात ती आणणार कोण? हा प्रश्न त्यांनी मनावर घेतला. १९४५ साली, वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी, मुंबईचे स्थिरस्थावर झालेले काम मागे ठेवून त्या डहाणू तालुक्यातल्या बोर्डी गावी गेल्या आणि तेथे त्यांनी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. त्याच वर्षी त्या भागात वेठबिगारीविरुद्ध वारल्यांचा लढा पेटला होता. तेथल्या कष्टकरी माणसांची स्थिती कशी होती, हे त्यावरून कळते.

बोर्डीस त्यांना अनुताई वाघ मिळाल्या. अनुताईंचा विवाह तेराव्या वर्षी झाला आणि सहा महिन्यांच्या आतच वैधव्य आले. त्या जिद्दीने शिकल्या आणि पुण्याच्या हुजूरपागेत शिक्षिका झाल्या. ती नोकरी सोडून त्या १९४५ साली ताराबाईंबरोबर गेल्या आणि १९९२ च्या सप्टेंबरात त्यांचे निधन होईपर्यंत त्याच कामात राहिल्या. एक नवरा सोडून आलेली, दुसरी नवरा गेलेली. समाजाने ज्यांना अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले असते, अशा या दोघींनी हजारो मुलांचे आईपण केले. गुरू-शिष्येचे असे नाते आपल्याकडे पुरुषांच्या चरित्रांतून पुष्कळ वाचायला मिळते. बायकांच्या चरित्रांतून फार थोडे.

बालवाडी निघाली खरी, पण मुले येईनात. ज्या वस्त्यांतली मुले यावीत म्हणून एवढा खटाटोप केला, तीच येईनात. आईबाप पहाटे कामावर जात. थोरली मुले धाकट्यांना सांभाळीत, नाहीतर गुरे राखीत. अंगावर कपडा नाही, पोटात अन्न नाही, आणि त्यातून शाळा या वस्तूची भीती. अशा वेळी पालकांना समज नाही, त्यांना शिक्षणाची किंमत नाही, असे म्हणून मोकळे होता येते. शिक्षक म्हणून काम करताना हे वाक्य मी किती तोंडांतून ऐकले असेल, त्याची गणती नाही. ताराबाईंनी तसे म्हटले नाही. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे गेले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. शिक्षिका वस्तीत जाऊ लागल्या. कोणाच्या तरी अंगणात मुले गोळा करायची, त्यांना न्हाऊमाखू घालायचे, नखे काढायची, केस विंचरायचे, मग गाणी, गोष्टी, खेळ. अंगणात भरते म्हणून ती अंगणवाडी.

साधनांचा प्रश्नही अंगणातच सुटला. समुद्र जवळ, म्हणून शंख-शिंपले होते. खडे होते, बिया होत्या, काटक्या होत्या, झाडांची पाने आणि फुले होती. लहान-मोठे ओळखायला, रंग लावायला, मोजायला, रांगोळीसारखी मांडणी करायला यापेक्षा अधिक काय पाहिजे? मॉन्टेसरींच्या दट्ट्यांमागे जे तत्त्व होते, तेच ताराबाईंनी पानाफुलांत आणले. किंमत मात्र काहीच पडेना. शिवाय ती साधने मुलाच्या ओळखीची होती. त्यांची भीती वाटत नसे, मोडली तर रड नसे.

१९५६-५७ च्या सुमारास हे काम जवळच्याच कोसबाडच्या टेकडीवर गेले. भोवती वारली लोकांचे पाडे. तेथे त्यांनी विकासवाडी उभी केली. या नावामागे एक साधी अडचण आणि तिच्यावरचा तितकाच साधा उपाय आहे. सात-आठ वर्षांची मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटे भावंड असते. मग पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा ही एकाच ठिकाणी भरवायची. कडेवरचे मूल पाळणाघरात, चार वर्षांचे बालवाडीत, आणि थोरली आपल्या वर्गात. थोरलीचा जीव धाकट्यापाशी, म्हणून तिला अधूनमधून उठून पाहून येण्याची मुभा. जी मुले गुरे राखण्यासाठी रानात जात, त्यांच्यासाठी शिक्षक कुरणात जात. त्या शाळेला कुरणशाळा म्हणत. गुरे चरत असत, मुले शिकत असत. मुलाच्या जगण्याला दोष न देता शिक्षणानेच आपली वेळ, जागा आणि रूप बदलायचे, अशी ही रीत होती.

ताराबाई मुंबई विधिमंडळाच्या सभासदही होत्या, आणि १९६२ साली सरकारने त्यांना पद्मभूषण दिले. मानसन्मानांची यादी मी येथे देत नाही. ३१ ऑगस्ट १९७३ रोजी, वयाच्या एक्याऐंशीव्या वर्षी त्या गेल्या. त्यानंतर दोनच वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, सरकारची एकात्मिक बालविकास सेवा योजना तेहतीस ठिकाणी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी म्हणू लागले. आज देशात सुमारे चौदा लाख अंगणवाड्या आहेत. आपल्या वॉर्डातली अंगणवाडी पाहताना हा शब्द कोणत्या अंगणातून आला, याची आठवण ठेवावी.

आता आपल्या बालवर्गाच्या प्रश्नाकडे येते. पालकांना आपल्या मुलांची काळजी आहे म्हणूनच ते या मागण्या करतात, हे प्रथम मान्य केले पाहिजे. आपले मूल मागे पडेल ही भीती खोटी नाही. स्पर्धा सर्वांनाच दिसते आहे. परंतु साडेतीन वर्षांच्या बोटांतले बारीक स्नायू अजून तयार झालेले नसतात. त्या हातात पेन्सिल दिली की मूल ती मुठीत आवळते, खांद्यापासून जोर लावते, दमते आणि लिहिण्याचा कंटाळा करू लागते. पहिलीच्या वर्गात अशी मुले माझ्याकडे दरवर्षी येत. अक्षरे त्यांना येत असत, पण वही काढा म्हटले की चेहरा उतरे. उलट ज्यांचे हात कणीक मळणे, शेंगा सोलणे, मणी ओवणे, माती थापणे यांत गेलेले असत, त्यांना लिहिणे लवकर साधे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ हा वयोगट एकत्र पायाभूत टप्पा मानला असून त्यात खेळातून आणि कृतीतून शिकण्यावर भर दिला आहे. ताराबाईंनी अंगणात बसून जे केले, त्याच्याशी हे मिळतेजुळते आहे.

म्हणून माझी मंडळाला सूचना अशी की, बालवर्गात गिरविणे आणू नये. त्याऐवजी महिन्यातून एकदा पालकांना वर्गाच्या वेळी बोलावून मुले काय करतात, हे मागे बसून पाहू द्यावे. व्याख्यानाने जे पटणार नाही ते डोळ्यांनी पाहून पटेल. बक्षिसांचा प्रश्नही असाच सोडवावा. बक्षिसांसाठी जे पैसे निघणार आहेत त्यांतून सर्वांसाठी साधने घ्यावीत, आणि निम्मी साधने तर चिंचोके, शिंपले, पाने यांतून आपल्या सभासद भगिनीच करू शकतील. आपल्याकडून गेलेल्या मुलांच्या घरीही दोघी-तिघींनी जाऊन यावे. त्यांना नावे ठेवू नयेत. त्यांची अडचण समजून घ्यावी. वर्गाची वेळ कामावर जाणाऱ्या आईला सोयीची नसेल, तर वेळ बदलण्याचा विचार आपण केला पाहिजे.

घरी काय करावे, असे माता विचारतात, त्यांच्यासाठी दोन गोष्टी लिहिते. मूल विचारते तेव्हा हातातले काम ठेवून उत्तर द्यावे, आणि उत्तर येत नसेल तर दोघांनी मिळून शोधावे. दुसरे, मूल स्वतःचे काही करू पाहत असेल, बटण लावीत असेल, ताट मांडीत असेल, तर त्याला वेळ लागला तरी आपला हात मागे ठेवावा. आपल्याला सकाळी घाई असते, हे खरे. तरी दिवसातून एखादे काम तरी पूर्णपणे त्याच्यावर सोपवावे. विचार करणारी मुले अशाच छोट्या सवलतींतून तयार होतात.

ताराबाईंजवळ काम सुरू करताना पैसा नव्हता, पाठीशी घराणे नव्हते आणि पुढे तयार वाटही नव्हती. मुलाकडे आदराने पाहण्याची दृष्टी मात्र होती, आणि ती त्यांनी दादरच्या मुलाला आणि कोसबाडच्या वारली मुलाला सारखीच दिली. आपल्या मंडळाचा बालवर्ग लहान आहे, जागाही अपुरी आहे. पण एक अंगण आपल्यालाही आहे. त्या अंगणात येणाऱ्या प्रत्येक मुलाला हा आदर मिळावा, आणि पुढच्या वर्धापनदिनापर्यंत गेलेली मुले परत यावीत, अशी इच्छा व्यक्त करून हा लेख पुरा करते.